औंधहून नैरोबीला : अप्पासाहेब पंतांची वकिली

आपल्याकडे खेड्यात 'वकील' हा शब्द उच्चारला की काळा कोट घातलेला आणि तालुक्याच्या कोर्टात उभा राहून बोलणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण पेशवाईत ह्या शब्दाचा अर्थ निराळा होता. दुसऱ्याच्या दरबारी राहणारा आपला माणूस, तो वकील. पुण्याच्या दरबाराचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातले पुरुष दिल्लीला राहत. निजामाच्या दरबारी, हैदराबादेस, गोविंदराव काळे होते. इंग्रजांचा चार्ल्स मॅलेट १७८६ साली पुण्यात येऊन राहिला, तोही ह्याच कामासाठी. आपल्या धन्याची बाजू मांडायची, तिथली बित्तंबातमी इकडे कळवायची, आणि तोंडातून निघणारा प्रत्येक शब्द तोलून मापून काढायचा, हे त्या वकिलाचे काम. आज आपण ज्याला राजदूत म्हणतो तो ह्याच वकिलाचा वंशज. स्वतंत्र देशात असला तर त्याला राजदूत म्हणतात, राष्ट्रकुलातल्या देशात त्यालाच हाय कमिशनर म्हणतात, आणि जगात वसाहती होत्या तेव्हा वसाहतीत नेमलेल्या माणसाला नुसते कमिशनर म्हणत. नावे निराळी, पण धंदा तोच.

आता ह्या धंद्यात एक मोठी अडचण आहे. परमुलखात गेलेल्या आपल्या माणसाने कोणाशी बोलायचे? रीत अशी की, तिथे जे सरकार असेल त्याच्याशी. पण ते सरकारच परक्यांचे असेल, आणि ज्यांचा देश त्यांना तोंड उघडायची मुभा नसेल, तर? सरकारशी गोड राहावे तर लोक आपले म्हणत नाहीत, आणि लोकांना जवळ करावे तर सरकार म्हणते, ह्या माणसाला इथून न्या. हा पेच आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका गृहस्थांपुढे १९४८ साली आफ्रिकेत उभा राहिला. त्यांनी तो कसा सोडवला आणि त्याची काय किंमत दिली, ते आज सांगायचे आहे. त्यांचे नाव परशुराम भवानराव पंत. सारे जग त्यांना अप्पासाहेब पंत म्हणून ओळखत असे.

अप्पासाहेबांचा जन्म १९१२ सालचा, औंधच्या राजघराण्यातला. ह्या घराण्याचा किताब 'पंतप्रतिनिधी'. छत्रपती राजाराममहाराजांच्या काळात परशुराम त्रिंबकांना हे पद मिळाले, तेव्हापासून तो किताब घराण्यात चालत आला. प्रतिनिधी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने उभा राहणारा. अप्पासाहेबांनी पुढे जन्मभर जे काम केले ते असे घराण्याच्या नावातच लिहिलेले होते म्हणायचे. त्यांचे वडील श्रीमंत भवानराव म्हणजे मोठा विलक्षण राजा. स्वतः चित्रे काढणारे, कीर्तन करणारे, पहाटे उठून सूर्यनमस्कार घालणारे आणि साऱ्या प्रजेला, शाळेतल्या पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावणारे. किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली ती ह्यांनीच, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदांचे भाष्यकार पंडित सातवळेकर औंधला येऊन राहिले ते ह्यांच्याच आश्रयाला. संस्थान म्हणाल तर लहान. अवघी ७२ गावे, आणि तीही एका ठिकाणी नाहीत. औंध, आटपाडी, कुंडल आणि कर्नाटकातले गुणदाळ असे चार तुकडे, चार दिशांना.

अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले आणि परत आले. राजपुत्र विलायतेहून परत आला की शिकार, मोटारी आणि मेजवान्या ह्यांत रमतो असा त्या काळचा रिवाज. इथे उलटे घडले. बंगलोरला म्हैसूर सरकारच्या एका कारखान्यात मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंड देशातले इंजिनियर होते. गांधीजींच्या विचाराने भारावलेले, पुढे भारतानंद ह्या नावाने ओळखले गेलेले. त्यांचा आणि अप्पासाहेबांचा स्नेह जमला. त्यातून एक कल्पना निघाली की, राजाने राज्य लोकांच्या हाती द्यावे. भवानरावांना ती पटली. १९३८ साली त्यांच्या वयाला सत्तर वर्षे पुरी झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी आपला मनोदय जाहीर केला. अप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्याने घटना तयार झाली, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधला स्वराज्याची घटना लागू झाली.

गावोगावी निवडून दिलेली पंचायत, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची सभा, आणि त्यांच्यातून संस्थानचे विधिमंडळ, अशी ती रचना होती. पाया गावात आणि कळस वर. लहानसहान तंटे गावातच मिटावेत, महसुलाचा मोठा वाटा गावाच्याच कामी यावा, अशी तजवीज होती. आज आपण ग्रामपंचायत म्हणतो तेव्हा त्यात काही नवल वाटत नाही. पण १९३९ साली बाजूच्या ब्रिटिश मुलखात कलेक्टरच्या परवानगीवाचून पान हलत नव्हते आणि पुष्कळ संस्थानांत राजाचा शब्द हाच कायदा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे औंधच्या शेतकऱ्याला काय मिळाले ते उमगते. त्याच साली आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची वसाहत निघाली. तिला भिंत नाही, बेड्या नाहीत. जन्मठेपेच्या कैद्यांनी शेती करावी, बायकामुलांसह राहावे आणि पळून जाऊ नये ते केवळ दिलेल्या शब्दाखातर. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट ह्याच प्रयोगावरून सुचलेला आहे.

अप्पासाहेब पुढे संस्थानचे दिवाण झाले. १९४२ नंतर साताऱ्यात भूमिगतांचे प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा कुंडलकडच्या मुलखात त्या मंडळींचा वावर असे. संस्थानावर इंग्रजांचा डोळा, आणि अंगणात इंग्रजांशी झगडणारे देशभक्त. वरच्या सत्तेशी उघड वैर करायचे नाही आणि आपल्या माणसांकडे पाठही फिरवायची नाही, ही कसरत अप्पासाहेबांना औंधलाच शिकावी लागली. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले. दिवाणाला काम उरले नाही. पण नेहरूंची दृष्टी ह्या छत्तीस वर्षांच्या माणसावर होती. त्याच वर्षी त्यांनी अप्पासाहेबांना पूर्व आफ्रिकेत भारत सरकारचे कमिशनर म्हणून नेमले, आणि राहण्याचे ठिकाण ठरले नैरोबी.

श्रोतेहो, आता आपण समुद्र ओलांडून पलीकडे जाऊ. मुंबईहून पश्चिमेला आगबोट निघाली की ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासा बंदराला लागते. केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार हे सारे मुलूख त्या वेळी इंग्रजांच्या ताब्यात होते. तिथे आपली माणसे कशी पोचली? किनाऱ्यावर व्यापारी फार जुन्या काळापासून होते. पण आत जाणारी वाट पडली ती रेल्वेने. १८९६ ते १९०१ ह्या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी रूळ टाकले आणि त्यासाठी सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले. त्यांत बहुतेक पंजाबकडचे होते. तापाने, अपघाताने जवळजवळ अडीच हजार माणसे तिथेच गेली. साव्हो नदीवर पूल बांधताना १८९८ साली दोन सिंहांनी मजुरांना तंबूंतून ओढून नेले, ती हकीकत तर जगप्रसिद्ध आहे. काम संपल्यावर बरेचसे परतले, काही हजार तिथेच राहिले. त्यांच्यामागून गुजरातेतले व्यापारी गेले आणि रानोमाळ लहान लहान दुकाने निघाली. तिथल्या स्वाहिली भाषेत दुकानाला 'डुका' म्हणतात. शब्दाचे नाते आपल्या कानाला लगेच ओळखू येईल. गोव्याची मंडळीही पुष्कळ होती, कचेऱ्यांतून कारकून, शिंपी, स्वयंपाकी म्हणून.

१९४८ साली केनियात सुमारे ५२ लाख आफ्रिकन होते, आपली माणसे गोवेकर धरून लाखाच्या आतबाहेर, आणि गोरे तीस हजारांच्याही आत. पण जमीन कोणाकडे? डोंगराळ, थंड हवेची, काळ्या लोण्यासारखी उत्तम जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती. तिला नावच मुळी 'व्हाइट हायलंड्स', गोऱ्यांचे डोंगर. तिथे आफ्रिकनाला जमिनीची मालकी नाही, आणि हिंदी माणसालाही नाही. किकुयू जमातीच्या शेतकऱ्यांपैकी हजारो लोक आपल्याच वाडवडिलांच्या मुलखात गोऱ्याच्या मळ्यावर मजूर म्हणून राबत होते. १९२० पासून कितीतरी वर्षे आफ्रिकन पुरुषाला 'किपांडे' नावाचा ओळखीचा दाखला धातूच्या डबीत घालून गळ्यात बाळगावा लागे. आपल्याकडे बैलाच्या गळ्यात घंटा असते. माणसाच्या गळ्यात ही डबी!

ह्या समाजाची उतरंड तीन मडक्यांची होती. वर गोरा, मध्ये हिंदी, खाली आफ्रिकन. हॉटेले निराळी, शाळा निराळ्या, दवाखाने निराळे. आणि मधल्या मडक्याची गोष्ट नेहमीच अवघड असते. वरच्याचा भार त्याला सोसावा लागतो, पण खालच्याला वाटते की आपल्या डोक्यावर बसला आहे तो हाच. आफ्रिकन माणसाला गोरा साहेब क्वचित दिसे. रोज दिसे तो मीठमिरची, कापड विकणारा हिंदी दुकानदार आणि कचेरीतला हिंदी कारकून. राग निघायचा तो जवळच्यावरच.

अशा ठिकाणी स्वतंत्र हिंदुस्थानचा पहिला प्रतिनिधी येतो आहे, म्हटल्यावर तिथल्या हिंदी समाजाला काय वाटले असेल? वाटले असेल की, आता आपला माणूस आला, आता गोऱ्यांशी भांडून आपल्याला जास्त हक्क मिळवून देईल. ते चूकही नव्हते, कारण हिंदी लोकांवर अन्याय होतच होता. पण नेहरूंचे धोरण वेगळे होते. परदेशी राहणाऱ्या हिंदी लोकांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या डोक्यावर पाय देऊन खास सवलती मागू नयेत, आफ्रिकेत आफ्रिकनांचे हित पहिले, असे ते सांगत. अप्पासाहेबांनी हे धोरण कागदावर ठेवले नाही. आपल्या घराचे दार त्यांनी आफ्रिकन पाहुण्यांना उघडले. ज्या शहरात आफ्रिकन माणसाला चांगल्या हॉटेलात चहा पिता येत नव्हता, त्या शहरात भारताच्या प्रतिनिधीच्या घरी तो मेजावर बरोबरीने बसू लागला. अप्पासाहेबांच्या पत्नी नलिनीताई स्वतः शल्यचिकित्सक होत्या आणि ह्या साऱ्यात पतीच्या बरोबरीने उभ्या होत्या. आपल्याकडे सहभोजनाने केवढी खळबळ उडत असे ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. नैरोबीतही तसेच झाले. गोरे तर चिडलेच, पण आपल्यातल्याही काही मंडळींना ते रुचले नाही.

तिथेच त्यांचा जोमो केन्याटा यांच्याशी स्नेह जुळला. केन्याटा हे किकुयू पुढारी. लंडनला राहून शिकलेले, आपल्या जमातीच्या चालीरीतींवर १९३८ साली ग्रंथ लिहिलेले, आणि १९४६ साली मायदेशी परतलेले. शिक्षक श्रोत्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. किकुयू लोकांनी मिशनऱ्यांच्या आणि सरकारच्या शाळांवर विसंबून न राहता वर्गणी काढून स्वतःच्या शाळा बांधल्या होत्या. त्या शाळांना मास्तर हवेत म्हणून पीटर म्बियू कोइनांगे यांनी १९३९ साली गिथुंगुरी येथे अध्यापक विद्यालय काढले आणि पुढे केन्याटा त्याचे प्रमुख झाले. टिळक-आगरकरांनी पुण्यात आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात जे केले, त्याच जातीचे हे काम. साताऱ्याहून गेलेल्या माणसाला त्याची ओळख पटवून द्यावी लागली नसेल. भारत सरकारने आफ्रिकन विद्यार्थ्यांना हिंदुस्थानातल्या विद्यापीठांत शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या. चांगली मुले हेरून त्यांना इकडे पाठवण्याचे काम अप्पासाहेबांनी मनापासून केले. गांधीजींच्या स्मारकासाठी पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी लोकांनी पैसा गोळा केला होता. पुतळ्यावर न थांबता त्यातून सर्व वर्णांच्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची संस्था निघावी, ह्या खटपटीत त्यांचा मोठा वाटा होता. ते स्मारक पुढे नैरोबीच्या रॉयल टेक्निकल कॉलेजात सामील झाले, आणि त्या कॉलेजाचेच १९७० साली नैरोबी विद्यापीठ झाले.

पण जमिनीचा प्रश्न शिष्यवृत्तीने सुटत नसतो. आत धुमसत होते. शपथा घेऊन गुप्त टोळ्या निघाल्या. 'माऊ माऊ' हे नाव साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत गाजू लागले. खून पडले, गुरे कापली गेली, मळे जळाले. २० ऑक्टोबर १९५२ रोजी सरकारने आणीबाणी पुकारली आणि केन्याटांसह पुढाऱ्यांची धरपकड केली. दूर कापेंगुरिया नावाच्या आडगावी केन्याटा आणि त्यांचे पाच सहकारी यांच्यावर खटला चालला. माऊ माऊचे सूत्रधार तेच, असा आरोप होता. त्यांच्या बचावासाठी लंडनहून डी. एन. प्रिट आले, हिंदुस्थानातून दिवाण चमनलाल गेले, आणि तिथल्याच हिंदी बॅरिस्टरांनी त्यांच्याबरोबर काम केले. ८ एप्रिल १९५३ रोजी निकाल लागला. सात वर्षे सक्तमजुरी. किकुयूंच्या त्या स्वतःच्या शाळाही आणीबाणीत सरकारने बंद पाडल्या.

ह्या काळात काही हिंदी तरुण आफ्रिकनांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले, हे विसरता कामा नये. मजुरांचे पुढारी माखनसिंग यांनी १९५० सालीच पूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली आणि त्यापायी ते ११ वर्षे स्थानबद्ध राहिले. गोव्याकडच्या घराण्यातले, नैरोबीत जन्मलेले पिओ गामा पिंटो यांनी केन्याटांच्या बचावासाठी धडपड केली. १९५४ साली त्यांना पकडले आणि पुढची काही वर्षे स्थानबद्धतेत ठेवले. जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोवेकर, आई मसाई, शिक्षण बंगलोरकडचे. तेही ह्याच चळवळीतले. स्वतंत्र केनियाचे ते परराष्ट्रमंत्री आणि १९६६ साली उपराष्ट्राध्यक्ष झाले.

आणि अप्पासाहेब? त्यांचा पेच आता पुरा आवळला गेला. ते गांधीजींच्या तालमीतले. शपथा देऊन माणसे कापणे त्यांना मंजूर होणे शक्य नव्हते. पण ही आग का लागली हे विचारायचे नाही, ह्यालाही ते तयार नव्हते. गोऱ्या मळेवाल्यांनी आणि त्यांच्या पत्रांनी ओरड सुरू केली की, हा हिंदी कमिशनर आफ्रिकनांना फूस लावतो. ब्रिटिश सरकारने दिल्लीकडे तक्रारी केल्या. न्यायाने बोलायचे तर इंग्रजांच्या म्हणण्यातही एक मुद्दा होता. कोणत्याही मुलखात नेमलेल्या वकिलाने तिथल्या सरकारविरुद्ध चाललेल्या चळवळीशी सलगी करू नये, हा जगाचा रिवाज आहे. उद्या आपल्याकडे नेमलेल्या परक्या वकिलाने तसे केले तर आपणही ते खपवून घेणार नाही. नेहरूंनी अप्पासाहेबांची पाठराखण केली. पण ब्रिटनशी किती ताणायचे ह्यालाही मर्यादा होती. अखेर १९५४ साली अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. त्याच साली 'पद्मश्री' हा किताब प्रथमच दिला गेला, आणि पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. एका सरकारने नको म्हटलेल्या माणसाचा दुसऱ्या सरकारने सन्मान केला.

तेव्हा बरोबर कोण होते? इतिहासाने ह्याचे उत्तर सावकाश दिले. आणीबाणीत सरकारी आकड्यांप्रमाणेच ११ हजारांहून अधिक बंडखोर मारले गेले, हजारावर लोकांना फाशी दिले गेले, आणि लाखो लोक तारांच्या कुंपणात कोंडले गेले. गोरे रहिवासी मेले ते ३२. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला, आणि ज्यांना सक्तमजुरीला पाठवले होते तेच केन्याटा त्याचे पंतप्रधान आणि वर्षभराने राष्ट्राध्यक्ष झाले. त्यानंतर अर्धे शतक लोटले. २०१३ साली ब्रिटिश सरकारने आपल्या पार्लमेंटात त्या काळच्या छळाबद्दल खेद व्यक्त केला आणि हयात असलेल्या पाच हजारांवर पीडितांना भरपाई दिली. अप्पासाहेबांनी रिवाज मोडला असे म्हणायचे तर म्हणावे, पण ज्या लोकांच्या बाजूने त्यांनी तो मोडला त्यांच्यावर अन्याय झाला होता, हे शेवटी अन्याय करणाऱ्यानेच कबूल केले.

नैरोबीनंतरची त्यांची वाटचाल लांबलचक आहे, ती थोडक्यात सांगतो. १९५५ ते १९६१ ते सिक्कीममध्ये गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर होते. भूतान आणि तिबेटकडचे व्यवहारही त्यांच्याच देखरेखीखाली चालत. बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त १९५६ साली दलाई लामा हिंदुस्थानात आले ते नथु ला खिंडीतून गंगटोकमार्गे. १९५८ साली नेहरू भूतानला गेले. तेव्हा तिकडे मोटाररस्ता नव्हता. नथु ला ओलांडून, तिबेटातल्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवर आणि याकांवर बसून पारोपर्यंत जावे लागले. त्या प्रवासात अप्पासाहेब बरोबर होते. पुढल्याच वर्षी ल्हासात उठाव झाला, दलाई लामा आश्रयाला आले, आणि त्या वाटा बंद झाल्या.

१९६१ साली ते इंडोनेशियात राजदूत म्हणून गेले. ह्या देशाच्या स्वातंत्र्याला हिंदुस्थानने मोठा हात दिला होता. तरीही तिथे त्यांना जो प्रसंग पाहावा लागला तो मोठा कडू. १९६२ साली जाकार्ताला आशियाई क्रीडासामने भरले. यजमानांनी इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. मग ह्यांना आशियाई सामने कसे म्हणायचे, असा आक्षेप आपले क्रीडापुढारी गुरुदत्त सोंधी यांनी घेतला. त्यावरून भडका उडाला आणि ३ सप्टेंबरला जमावाने भारताच्या दूतावासावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता. सारे मैदान आपल्याविरुद्ध ओरडत असताना भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले! शाळेतल्या मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी. पण राजदूताला पदक घेऊन घरी जाता येत नाही. फुटलेल्या काचा वेचून त्याच लोकांशी पुन्हा बोलायला बसावे लागते. दीडच महिन्याने, २० ऑक्टोबरला, चीनने आपल्या सरहद्दीवर हल्ला चढवला. अशा पडत्या काळात मित्र जोडून ठेवण्याचे काम जाकार्तात त्यांच्याकडे होते. १९६४ पर्यंत ते तिथे राहिले. पुढे नॉर्वे झाले. मग कैरो झाले. १९६७ साली इस्रायलशी सहा दिवसांचे युद्ध होऊन इजिप्तची दाणादाण उडाली, तेव्हा ते तिथेच होते.

१९६९ मध्ये ते लंडनला हाय कमिशनर झाले. ज्या सरकारने नैरोबीत त्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती, त्याच सरकारच्या राजधानीत आता ते भारताचे पहिल्या मानाचे प्रतिनिधी! १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले, युद्ध झाले, बांगलादेश जन्माला आला. ८ जानेवारी १९७२ रोजी पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटलेले शेख मुजीबुर रहमान प्रथम उतरले ते लंडनमध्ये. तिथे त्यांची भेट घेणाऱ्यांत भारताचे हाय कमिशनर अप्पासाहेब होते. दोन दिवसांनी मुजीब दिल्लीमार्गे डाक्क्याला पोचले.

आणि त्याच साली आफ्रिकेचा जुना प्रश्न लंडनच्या दाराशी येऊन उभा राहिला. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम केला. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे, दुकाने, घरे, गिरण्या टाकून, हाती एखादी बॅग घेऊन निघाली. सुमारे २७ हजार ब्रिटनला गेली. त्याआधी १९६८ सालीच केनियातून निघालेल्या आशियाई लोकांचा ओघ थांबवण्यासाठी ब्रिटनने घाईघाईने कायदा करून दार लोटून घेतले होते. अप्पासाहेबांची लंडनची मुदत ह्याच सुमारास संपत आली होती. 'जिथे राहता त्या लोकांचे व्हा', हे जे त्यांनी वीस-चोवीस वर्षांपूर्वी नैरोबीच्या व्यापाऱ्यांना सांगितले होते, ते किती निकडीचे होते, हे आता कळत होते. अमीनचा जुलूम हा जुलूमच. त्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण मधल्या मडक्याने खालच्याशी वेळीच नाते जोडले नाही तर वरचे मडके उचलले गेल्यावर त्याचे काय होते, हे त्या दिवसांत साऱ्यांनी पाहिले. उलट माखनसिंग, पिंटो, मुरुंबी ह्यांची नावे केनियाच्या इतिहासात आदराने घेतली जातात.

त्यानंतर इटलीत राजदूत म्हणून राहून अप्पासाहेब १९७५ साली निवृत्त झाले. त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिले आणि वडिलांच्या त्या प्रयोगाची हकीकत १९८९ साली 'ॲन अनयूज्वल राजा' ह्या इंग्रजी पुस्तकात सांगितली. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

श्रोतेहो, राजदूत म्हटला की उंची पोशाख, मेजवान्या आणि गुळगुळीत भाषण एवढेच चित्र आपल्यापुढे असते. अप्पासाहेबांना ते सारे जमत होते, राजपुत्रच होते ते. पण नैरोबीत त्यांच्या उपयोगी पडली ती औंधची शिदोरी. गादीवर बसलेला माणूस आणि गादीखाली उभा असलेला माणूस ह्यांतले अंतर कमी कसे करायचे, ते त्यांनी आपल्या घरात, आपली गादी सोडून शिकून घेतले होते. म्हणूनच केनियात सत्ता गोऱ्या गव्हर्नराच्या हाती असतानाही, उद्याचा केनिया कोणाचा आहे हे त्यांना दिसले. त्यासाठी नेमणूक गमवावी लागली, ती त्यांनी गमावली.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एवढे करावे. वर्गात जगाचा नकाशा लावावा आणि मुलांना औंध, नैरोबी, गंगटोक, जाकार्ता, ओस्लो, कैरो, लंडन आणि रोम ही गावे एका रेघेने जोडायला सांगावी. माणदेशाच्या कडेचे औंध हे लहानसे गाव ह्या सर्वांशी जोडलेले आहे, हे मुलांना दिसू द्या. आणि कधी औंधला यमाईच्या दर्शनाला गेलात, भवानरावांचे वस्तुसंग्रहालय पाहिलेत, तर मुलांना एवढेही सांगा की, ह्या गावाने देशाला पंचायत कशी चालवावी हे दाखवले, आणि परमुलखात भारताच्या वतीने उभा राहणारा एक खरा प्रतिनिधीही दिला.